मायचा टाक

भाद्रपदाची पौर्णिमा जवळ आली की देवघरातले टाक उजळून आणायचे, ही आमच्या घरची रीत. टाक म्हणजे दोन बोटे रुंदीच्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. आमच्याकडे देवांचे पाच आणि पितरांचे तीन आहेत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर सोनाराकडे त्याच जात. मागच्या पौषात त्या गेल्या, म्हणून यंदा पुडी बांधून मी गेले.

सुलतानपुरात वामनराव सोनाराचे दुकान आमच्या घरापासून हाकेवर आहे. त्यांनी एकेक टाक पाहून चिंचेच्या पाण्यात सोडला. आठवा मात्र हातातच धरून बसले.

"वैनी, हा देवघरात काऊन ठेवला?"

"आमच्या आजेसासूबाईंचा आहे," मी म्हटले. "रुख्मिणीबाईंचा. बाळंतपणात गेल्या त्या. नवमीला आम्ही त्यांचे पान वाढतो."

पितृपंधरवड्यातली नवमी कुंकू घेऊन, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांची. लग्न होऊन आले तेव्हापासून सोळा वर्षे त्या दिवशी मी रुख्मिणीबाईंच्या नावाने पुरण घालते, एका सवाष्णीला जेवू घालते, तिची हिरव्या खणाने ओटी भरते.

वामनरावांनी टाक उलटा केला. वरच्या कडेला एक बारीक कडी डाक देऊन जोडलेली होती, झिजून झिजून केसाएवढी झालेली. सोळा वर्षे मी रोज तो टाक धुतला, पुसला, गंध लावले. कडी दिसत होती, पण तिचा विचार मी कधी केला नव्हता.

"देवघरातल्या टाकाले कडी नसते," ते म्हणाले. "हा गळ्यातला आहे. पहिली मेली अन् दुसरी आणली, का दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधत. तिनं त्रास देऊ नये म्हणून. ही मूर्त सवतीची असते."

"पण आमच्याकडे दुसरी कोणी नव्हतीच."

"मंग इतकी कडी कोनाच्या गळ्यात झिजली?" ते हसले आणि टाक पाण्यात सोडला. त्यांना ते हसण्यावारी नेता आले.

त्या दिवशीच्या माझ्या वहीत एवढेच आहे: टाक दिले. सोनार म्हणाले कडी. दुपारची पोथी वाचताना दोनदा तेच पान वाचले.

मला काय टोचत होते ते नीट सांगते. आत्याबाईंच्या मागे घरात मोठी बाई मी. पानावर नाव कोणाचे घ्यायचे ते आता मी सांगायचे. या घरात आणखी एक बाई होऊन गेली असेल, तर तिचे पान सोळा वर्षे मी वाढलेले नाही. आत्याबाईंनीही वाढले नव्हते. देवापुढे रोज हात जोडायचे आणि घरचेच माणूस उपाशी, हे माझ्याने सोसवेना.

आमच्या यांना विचारले. हे जेवत होते.

"आपल्यात पाट नाही," हे म्हणाले. विधवेचे दुसरे लग्न म्हणजे पाट; बिजवराला मिळे ती बहुधा अशीच. पूर्वी आमच्या जातीत सर्रास होत, पण चार पैसे आले आणि नावामागे राव लागले की लोक ते विसरतात. "बाबांनी कधी सांगितलं नाही. आजी बाळंतपणात गेली, हे बीबी गावच्या चुलत आजोबांनी आईला सांगितलं होतं."

"आणि मामंजी टाकाबद्दल काय म्हणत?"

"मायचा टाक. एवढंच."

सासऱ्यांना मी मामंजी म्हणे. नारायणराव त्यांचे नाव. ते फार बोलत नसत. एक मात्र मला आठवते. ते जेवायला बसत ते देवघराकडे पाठ करून. आत्याबाई रोज चिडत, "देवाले पाठ दाखवून कोन जेवते का?" मामंजी मुकाट्याने ताट पुढे ओढत, पण वळत नसत.

हे घराणे मूळचे बीबीचे. मामंजी चौदा वर्षांचे असताना एकटेच सुलतानपुरास मामाकडे आले, इथेच राहिले, इथेच लग्न झाले. त्यामुळे जुने काही विचारायचे तर बीबीलाच विचारावे लागणार. आणि इथे मी घाई केली.

आमच्या शेजारच्या अन्नपूर्णाबाई या माझ्या भजनातल्या सोबतीण. त्यांचे माहेर बीबी, भाऊ तिथला पोलीस पाटील. गावातल्या जन्ममृत्यूचे बुक पाटलाच्या घरी असते. अन्नपूर्णाबाई माहेरी निघाल्या होत्या. मी म्हटले, "आमच्या आजेसासऱ्यांची, इंद्रभानची रुख्मिणी, एवढे नाव बघायला सांगा हो. मेल्याची तारीख मिळाली तर बरे. पानासाठी हवी."

"इतकंच ना? दादाले सांगतो," त्या म्हणाल्या. "पन मंग नवमीले पुरनात जायफळ घाल. मागच्या खेपेले विसरली होती."

घरी येऊन यांना सांगितले, तर यांचा हात भाकरीवरच थांबला.

"त्या पाटलाच्या घरी? तुला कळतं का काही?"

तेव्हा मी काय करून बसले ते ध्यानात आले. आमच्या सुभद्रेला चौदावे लागले आहे. तिचे ज्या घरी जुळते आहे ते हेच घर. अन्नपूर्णाबाईंच्या भावाचा मुलगा. दसऱ्यानंतर सुपारी फुटायची होती. पाटील म्हणजे कुळाला जपणारी माणसे. मुलगी द्यायची त्याच घरी मी स्वतःच्या घराण्याचे बुक उघडायला सांगितले होते.

"निरोप मागे घे," हे म्हणाले.

"त्या गाडीत बसून गेल्या."

पुढचे आठ दिवस मी भांडी दोनदा घासली. सुभी म्हणाली, "आई, तू परातीले भोक पाडशील." ती परात जुनी, जाड पितळेची, काठावर कोरलेले 'रुख्मिणी'. आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या पितळेवर ते नाव आहे. मी बोटाने ते पुसत राहिले.

अन्नपूर्णाबाई नवमीच्या आदल्या दिवशी परतल्या आणि त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. पाटलांनी स्वतः बुकातून उतरवून दिलेली. 'रुख्मिणी, इंद्रभान मयत याची विधवा. वय अदमासे चाळीस. गाठीचा ताप. ठिकाण शेतातील झोपडी. ९ फेब्रुवारी १९०४.'

"विधवा कशी वं?" अन्नपूर्णाबाई माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या. "तू तर नवमी करत. अन् बाळंतपनात चाळीस वर्साची?"

"बुकात चूक असेल," मी म्हटले.

"दादाच्या बुकात?" त्या म्हणाल्या, आणि आपल्या घरात निघून गेल्या. ते मला जास्त लागले.

नवमीला मी पान वाढले. त्यांनाच सवाष्ण म्हणून बोलावले होते, जायफळही घातले. पण पानापुढे हात जोडताना माझे मन चोरासारखे झाले. एकच बाई दोनदा कशी मरेल? एकदा कुंकू घेऊन बाळंतपणात आणि एकदा विधवा होऊन प्लेगात?

तीनच दिवसांनी बीबीची सुगराबी आली. ही मनेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी. साठीला टेकली आहे, टोपली आता गाढवावर असते, पण वर्षातून दोन फेऱ्या चुकत नाही. सुभीला बांगड्या भरायच्या होत्या. पंधरवड्यात नवे काही घ्यायचे नसते म्हणून मी नुसते माप घे म्हटले.

"माप काय घेतो, पोरीचा हात लोन्यासारखा हाय," ती म्हणाली. "सासरी जाऊन कडक होईन. मंग मले शिव्या देशीन गं, सुगराबीच्या बांगड्या फुटतेत म्हनून."

सुभी लाजून आत गेली. मी सुगराबीला पाणी दिले आणि एकदम विचारले, "तू बीबीची. इंद्रभानच्या घरची रुख्मिणी तुला आठवते का?"

"कोनती?" ती म्हणाली.

बस. एवढ्या एका शब्दाने माझ्या अंगावर काटा आला.

"किती होत्या?"

"दोन होत्या ना. एक मी नाही पाह्यली. ती पह्यल्या बाळंतपनात लेकरासगट गेली. दुसरी पाटाची. तुमच्या सासऱ्याची माय." तिने तांब्या खाली ठेवला. "तुमाले नाही मालूम? या अल्ला!"

"दोघींचे नाव एकच कसे?"

सुगराबी हसली, पण ते हसणे काही चांगले नव्हते. "तिची सासू मोठी चिंगूस. पाटाच्या दिवशीच म्हने, या घरात रुख्मिनी होती, रुख्मिनीच राहीन. भांड्याइवर नाव कोरून ठेवलं, पुन्हा कोराचे पैसे कोन देईन? माही अम्मा तिथंच होती, पाटाच्या बांगड्या भराले. घरी येऊन चार दिवस तेच बोले."

मी कोनाड्यातल्या परातीकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

मग तिने सांगितले ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवले. तिच्या तोंडचे जसे आठवले तसे.

ती बाई मोगलाईतली, म्हणजे हद्दीपलीकडच्या निजामाच्या मुलखातली. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी नवरा गेला. दोन वर्षांची मुलगी होती. पाट लागला तर पहिल्या नवऱ्याचे लेकरू त्याच्या घरीच ठेवावे लागे, तसे दिरांनी ठेवून घेतले. ही एकटी बीबीला आली, वद्यातल्या अंधाऱ्या पाखात, मागच्या दाराने, कोणा सवाष्णीने तोंड पाहू नये म्हणून पदर ओढून. आल्या दिवशी सासूने गळ्यात टाक बांधला.

"अन् तो टाक काय नुसता बांधाचा?" सुगराबी म्हणाली. "जेवाच्या आधी पह्यला घास त्याले लावाचा. नवं लुगडं आलं, पह्यले त्याच्यापुढं ठेवाचं. पान्याचा घोटबी. आमी बांगड्या भरल्या तरी एक बांगडी आधी त्याले दाखवाची. अम्मा म्हने, हिच्या हाताले मी बांगडी भरून राह्यली का तिच्या सवतीच्या?"

"नवरा कसा होता?"

"चांगला होता. म्हनून लवकर गेला."

नवरा गेला तेव्हा मामंजी सात वर्षांचे. बीबीच्या दिरांनी पाटाच्या पोराला वाटा नाही म्हणून एक खोली दिली. पुढे मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती सरकारी कामावर खडी फोडायला जाई, पोराला बरोबर घेऊन. मजुरीची भाकर आली की अर्धी त्याची, अर्धी हिची, पण घास आधी टाकाला लावायचा.

"पोरगं भुकेनं रडे," सुगराबी म्हणाली, "अन् हे घास त्या चांदीले लावून राह्यली. अम्मानं एकदा म्हटलं, बाई, सासू मेली, आता कोन पाहते? तर म्हने, हे पाहते ना, गळ्यातली."

तेव्हा मला मामंजींची पाठ आठवली.

"सुगराबी," मी विचारले, "तिचे स्वतःचे नाव काय होते?"

"मंजुळा."

"तुला कसे माहीत? तिला तर सगळे रुख्मिणीच म्हणत."

"आमची फेरी मोगलाईत जाये ना. दर संक्रांतीले ती अम्माजवळ लहान बांगड्या देये, तिकडच्या पोरीसाठी. दर साली एक माप वाढवून. पोरीले पाह्यलं नव्हतं, अंदाजानं. तिकडं जाऊन अम्मानं म्हनाचं, मंजुळानं पाठवल्या. रुख्मिनीनं म्हटलं असतं तर तिकडं कोन वयखते? मी टोपली धरून अम्मासंगं असो. म्हनून मालूम."

तिने तांब्या उचलला. उरलेले पाणी प्यायली आणि पुढे म्हणाली.

"दुष्काळाच्या साली अम्मानं बांगड्या वापस आनल्या. पोरगी दिवाळीच्या आधीच गेली होती. मंजुळानं त्या घेतल्या, अन् अम्माले इचारलं, माप बरोबर होतं का? अम्मा म्हने, बरोबर होतं. आता त्या साली तिनं कुठं पोरीचा हात पाह्यला होता? पन काय सांगन मानूस?"

"आणि हा टाक देवघरात कसा आला?"

"गाठीचा ताप आला तवा सारं गाव शेतात झोपड्या करून राहे. आमची झोपडी तिच्या बाजूले. शेवटच्या दिवशी तिनं दोरा तोडून टाक पोराच्या हातात देल्ला. म्हने, हिले माह्यासंगं जाळू नको रे बाबा, नाहीतर तिथंबी माह्या आधी जेवन."

सुगराबी पदर डोळ्याला लावून हसली. मला हसू आले नाही आणि रडूही आले नाही. चौदा वर्षांचा मुलगा तो टाक मुठीत घेऊन सुलतानपुरास आला. आईची म्हणून त्याच्याजवळ तेवढीच वस्तू. पुढे बायकोने विचारले, हा कोणाचा? तो म्हणाला, मायचा टाक. आत्याबाईंना वाटले, माय टाकावर आहे. मामंजींनी ती चूक सुधारली नाही. सुधारायची तर पाट सांगावा लागला असता. टाक फेकवला नाही, आणि त्याच्याकडे तोंड करून जेवणही गेले नाही.

रुख्मिणीबाईंना आमच्याकडून काहीच कमी पडले नाही. नवमी त्यांचीच होती, त्यांना पोचली. उपाशी राहिली ती दुसरी, आणि या घरातला प्रत्येक जीव तिच्यापासूनचा आहे.

रात्री यांना सगळे वाचून दाखवले. यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि म्हणाले, "सुभीची सुपारी होऊ दे. पुढच्या वर्षी वाढ."

"पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?"

"तिचं नाव घेतलंस तर पोरीचं मोडेल. ती बाईसुद्धा हेच म्हणाली असती, पोरीचं आधी बघ."

 दोन दिवस मी तेच घोळवत राहिले. ती खरेच तसे म्हणाली असती. सगळ्या जन्मात तिने दुसऱ्यालाच आधी वाढले. म्हणूनच की काय, मला तिला शेवटी ठेववेना. देवापुढे बसले तरी टाकच दिसे. माळ ओढताना मणी चुकत.

विधवा गेलेली, बुकात नुसती इंग्रजी तारीख, तिथी ठाऊक नाही, तिचे पान सर्वपित्री अमावास्येला. त्या दिवशी आमच्याकडे पाचदहा माणसे जेवायला असतात, अन्नपूर्णाबाई तर दरवर्षीच्या. मी दोन पाने जास्त मांडली, एक आत्याबाईंचे आणि त्याच्याशेजारी एक. यांनी पाहिले आणि पळीपंचपात्र मांडायला घेतले. पाणी सोडताना नाव घरच्या पुरुषाने घ्यायचे असते. वडिलांचे घेतले, आईचे घेतले. त्या पानापाशी आले.

"इंद्रभानची बायको..." म्हणाले आणि थांबले. 

मी चुलीपाशी होते. उंबऱ्यापर्यंत आले. बायकांनी त्या वेळी बोलायचे नसते. मी बोलले.

"मंजुळा."

यांनी माझ्याकडे पाहिले. मग पानाकडे पाहून हळूच म्हणाले, "मंजुळा. बाबांची माय." पाणी सोडले.

जेवायला बसल्यावर अन्नपूर्णाबाईंनी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारले, "मंजुळा कोन वं?"

"माझ्या आजेसासूबाई. पाटाच्या."

 सुभी वाढत होती, तिच्या हातातली पळी भांड्यावर आपटली.

"नवमीले काऊन नाही सांगतलं?"

"नवमीला मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते."

अन्नपूर्णाबाईंनी बराच वेळ पानावरचा भात कालवला. मग म्हणाल्या, "दादाले मी खोटं सांगनार नाही."

"सांगू नका," मी म्हटले.

"वाढ मंग. उभी काऊन?" त्या म्हणाल्या, आणि पोटभर जेवल्या. जाताना मात्र नेहमीसारख्या ओसरीवर टेकल्या नाहीत.

याला आता एकोणीस दिवस झाले. दसरा होऊन गेला, बीबीहून निरोप नाही. हे रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघतात आणि माझ्याशी कामापुरते बोलतात. मात्र परवापासून जेवायला बसताना बसायचा पाट उचलून देवघराकडे तोंड होईल असा मांडतात, आपल्या हाताने. सुभीने मला विचारले, "आई, तिचं नाव नसतं घेतलं तर?" मी म्हटले, "तर तुझं झालं असतं कदाचित."  ती परात मांडीवर घेऊन काठावरची अक्षरे बघत बसली.

आज वामनरावांकडे गेले. माझ्या पायातली जोडवी दिली आणि एक टाक करायला सांगितले.

"तोंड कसं काढू?" ते म्हणाले. "कोनी पाह्यलं आहे का?"

"सगळ्यांचे काढता तसेच काढा."

"हातात काय देऊ? फूल देतो, का करंडा?"

करंडा कुंकवाचा, विधवा गेलेलीला तो देता येत नव्हता. 

"बांगड्या द्या," मी म्हटले. "लहान मापाच्या. आणि वर कडी लावू नका."